सोलर ड्रायरमध्ये मेण भरू की सॉल्ट?

प्रश्न : सर, आमच्या बचत गटाचा सोलर ड्रायर आहे, त्यात मेथी, कांदा, आवळा सुकवतो. दुपारी आत ७० डिग्री होतं पण ऊन उतरलं की तासाभरात सगळं गार. उष्णता साठवायला कोणी म्हणतं पॅराफिन मेण भरा, कोणी म्हणतं मेण पेटतं, सॉल्ट हायड्रेट (पाणी धरलेला क्षार) घ्या. काय करू?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : ताई, असा माल वितळताना उष्णता शोषतो आणि गोठताना साधारण त्याच तापमानाला परत देतो, म्हणून भाव विचारायच्या आधी वितळायचं तापमान बघा. तुमच्याकडे ७० होतं, म्हणजे ५८-६० ला वितळणारा माल हवा, त्याच्या वरचा घेतला तर ढगाळ दिवशी वितळणारच नाही. खोबरेल २४ च्या आसपास वितळतं, ग्लॉबर सॉल्ट (हाही एक सॉल्ट हायड्रेट) ३२ ला, सुकवायला एवढी ऊब कमी, म्हणून दोन्ही बाद.

उरलं पॅराफिन आणि ५८ ला वितळणारं सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट, हेही सॉल्ट हायड्रेटच. पॅराफिन किलोला साधारण २०० किलोज्यूल (उष्णतेचं माप) धरतं, ॲसिटेट २५० च्या आसपास, शिवाय ते जड असल्याने तेवढ्याच जागेत जवळपास दुप्पट उष्णता मावते. कागदावर तेच भारी, पण गार होताना ५८ ला गोठायचं सोडून ते पातळच राहतं आणि साठवलेली उष्णता अडकून बसते (शेकायच्या पिशवीत चकती दाबली की एकदम गरम होतं ना, ते हेच). वर रोज वितळून-गोठून खाली साका बसतो. शास्त्रज्ञ मारिया टेल्केस यांनी १९४८ मध्ये अमेरिकेतल्या डोव्हरला ग्लॉबर सॉल्टवर अख्खं घर उबदार ठेवलं होतं, सुरुवातीला छान चाललं, पण काही हिवाळ्यांत मीठ असंच वेगळं झालं आणि सिस्टीम बंद पडली.

म्हणून माझं मत, पॅराफिनच घ्या. ७० डिग्रीला ते पेटत नाही, फक्त गळती नको आणि जवळ शेगडी नको. त्याची खरी अडचण वेगळीच आहे, उष्णता फार हळू वाहते, पाइपाला आतून गोठलेला थर बसला की मधलं मेण गरमच राहतं आणि हवेला काही मिळत नाही. त्यामुळे मोठा डबा नको, दीड-दोन इंची ॲल्युमिनियमचे पाइप घ्या आणि वर थोडी जागा सोडा, मेण वितळताना फुगतं.

आणि हिशोब करूनच पैसे घाला. २० किलो मेण म्हणजे ४००० किलोज्यूल, एक किलो पाणी उडवायला २४०० च्या आसपास लागतात, म्हणजे फार तर दीड किलो पाणी निघेल. मेथीच्या शेवटच्या ओलीला हे पुरतं, ताज्या कांद्याच्या ट्रेला अजिबात नाही. त्याआधी ड्रायरच्या फटी बुजवा, मागून इन्सुलेशन लावा, बरीचशी उष्णता तिथूनच जात असणार.