आजोबा नक्की कोणामुळे वाचले?

प्रश्न: दर रविवारी भारतात सासूबाईंना व्हिडिओ कॉल असतो. सासऱ्यांची बायपास झाल्यापासून (आम्हाला तेव्हा जाता आलं नव्हतं) तो धड संपतच नाही. सासूबाई म्हणतात, “देवानेच तारलं.” नवरा म्हणतो, “आई, सर्जनने तारलं.” परवा आमच्या नऊ वर्षांच्या लेकीने विचारलं, “नक्की कोणामुळे?” दोघं एकदम बोलायला लागले आणि सासूबाईंनी फोन ठेवून दिला. स्क्रीनवर तशीही त्यांच्या कपाळाची पट्टीच दिसत होती. मी मध्ये पडू का?

उत्तर: “पडू नका” असंच लिहिणार होते. पण लेकीने विचारलंय, म्हणजे तुम्ही मध्ये आहातच.

मला वाटतं, भांडण बायपासवरून नाहीच. त्या दिवशी सासूबाई एकट्या बाकावर बसून होत्या आणि यजमान हजारो मैल लांब. ती एकटेपणाची भीती आणि न जाता आल्याची बोच आता देव आणि सर्जन यांच्या नावाने बोलतेय. हा माझा अंदाज, चुकीचाही असेल.

सुरुवात यजमानांपासून करा, ते हाताशी आहेत. खवचटपणा न करता विचारा, बायपासमध्ये नस कुठून काढतात, कुठे जोडतात, ती तिथे टिकते कशी? 2002 साली येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी असाच प्रयोग प्रसिद्ध केला. झिप, फ्लशची टाकी, कुलूप या वस्तू कशा चालतात हे आपल्याला किती कळतं, याला लोकांनी आधी स्वतःच गुण दिले. मग पायरीपायरीने समजावून सांगायला लावल्यावर तेच गुण खाली आले. मी झिपवर प्रयत्न करून पाहिला. दातात दात अडकतात, यापुढे माझी गाडी जाईना.

यजमान म्हणतील, मला नसेल कळत, डॉक्टरांना कळतं. अगदी खरं. पण मग तेही कोणाच्या तरी शब्दावर विसंबून आहेत, एवढं त्यांनी कबूल करावं. डॉक्टरांचा शब्द तपासून पाहता येतो, हा मोठा फरक आहे आणि तो मी पुसणार नाही. तरी “सर्जनने ऑपरेशन केलं” हे माहीत असणं वेगळं आणि “बाकी काही नव्हतंच” हे माहीत असणं वेगळं.

सासूबाईंनाही प्रश्न पडत असतील. देवाने यांना तारलं, मग शेजारच्या कॉटवरचा का गेला? पण हा प्रश्न त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं काम तुमचं नाही, मुलाचं तर नाहीच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 129वं सूक्त आहे, नासदीय सूक्त. सृष्टी कुठून आली, असं विचारत ते शेवटी म्हणतं की परम आकाशातला तिचा अध्यक्ष हे जाणत असेल, किंवा त्यालाही माहीत नसेल. वाचायला फार सुंदर आहे. फक्त यजमानांनी ते ‘बघ, तुझ्याच वेदात लिहिलंय’ म्हणून आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये. ज्याचा ग्रंथ त्याच्याच डोक्यात घातला की समोरचा वाचत नाही, डोकं धरून बसतो.

एका बाबतीत मात्र नमतं घ्यायचं नाही. ‘आता देव बघेल’ म्हणून गोळ्या बंद करायची भाषा निघाली, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सुटणार नाही, हे स्पष्ट सांगा. तिथे ‘तुझंही बरोबर, माझंही बरोबर’ चालत नाही.

लेकीला उत्तर यजमानांनी द्यावं, पुढच्या कॉलवर, आईच्या देखत. “ऑपरेशन सर्जनने केलं, ते नक्की. पण इतक्या लोकांत आजोबा बरे झाले आणि काही जण नाही झाले, असं का, ते सगळं मला माहीत नाही. आजी तिथे होती, मी नव्हतो. तिला विचार, त्या दिवशी तिला काय वाटत होतं.” बस. त्यावर आईनेही “मलाही नाही माहीत” म्हणावं, अशी वाट बघत बसू नका. मुलगा हरला म्हणून त्या खूशही होतील, होऊ द्या.

आणि कॉल लागला की आधी त्यांना फोन कशाला तरी टेकवून जरा लांब ठेवायला सांगा. कपाळाच्या पट्टीवरून माणूस दुखावलंय की हसतंय, ते कळत नाही.