तान्हा पोळ्याच्या गोष्टीतला मुलगा जिवंत कसा वाटेल?

आपण विचारले आहे की, तान्हा पोळ्यावरच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी नंदी सजवून मिरवतात त्या सणावरच्या, आपल्या बालकथेतील 9 वर्षांचा गरीब मुलगा निर्जीव का वाटतो. शेवटी शेजारचे काका त्याला मोठा लाकडी नंदी घेऊन देतात, तरीही ऐकणाऱ्या मुलांना त्याचे काहीच वाटले नाही.

माझ्या मते अडचण त्या काकांपाशीच आहे. कथेत जे घडते ते सारे मोठी माणसे घडवतात आणि मुलगा केविलवाणा चेहरा करून उभा राहतो. सणाच्या गोष्टीत गरीब किंवा आजारी मूल केवळ मोठ्यांना पाझर फुटावा म्हणून आणले की मुले ते चटकन ओळखतात. शिवाय नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला हा सण मुळातच मुलांच्या हाती दिलेला आहे, मग त्यातला नायक रिकाम्या हातांनी का उभा राहावा?

नागपूरच्या मुलाला या दिवशी करण्यासारखे पुष्कळ असते. सकाळी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे गावची इडा-पिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते आणि गर्दीतला जो तो आपले दुखणे त्या आरोळीत घालतो. आपला नायक शहरातल्या इतवारी भागात बेंबीच्या देठापासून ‘आजीचा खोकला घेऊन जा गे मारबत’ असे ओरडला, तर घरची परिस्थिती सांगायला वेगळा परिच्छेद लागणार नाही. त्याच्या जुन्या नंदीचे एक चाक निखळलेले असू द्या. तो खिळा शोधेल, चाक डुगडुगते म्हणून आसाला सुतळी गुंडाळेल, शिंगांना बेगड चिकटवेल, आणि संध्याकाळी तोरणाखाली निघाल्यावर नंदी एका अंगाला कलतो आहे हे सर्वांत आधी त्यालाच कळेल. तेव्हा तो नंदी उचलून घेतो की तसाच खरडत ओढतो, हे आपण नीट विचार करून ठरवा, कारण त्याचा स्वभाव तिथेच दिसणार आहे.

त्याला थोडा हावरा आणि भांडखोरही होऊ द्या. घरोघरी बोजारा, म्हणजे नंदी घेऊन आलेल्या मुलांना मिळणारे पैसे किंवा खाऊ, मागताना मित्राला किती मिळाला यावर डोळा ठेवणारा मुलगा मला अधिक खरा वाटतो. सजावटीच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालेच पाहिजे असेही नाही.

काका कथेत राहू शकतात. त्यांनी इतर मुलांइतकाच बोजारा यालाही द्यावा. नव्या नंदीचा प्रसंग मात्र आपण अवश्य गाळावा.