झेडपीतून काढून सीबीएसईला घालायचं का?

जिंतूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी गावातल्या जिल्हा परिषद हायस्कूलमध्ये आठवीला, सेमी इंग्रजीत शिकते. तिला कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायचंय. तिचे मामा म्हणतात, नववीपासून परभणीच्या खासगी सीबीएसई शाळेत घाला, नाहीतर पुढं चांगलं कॉलेज मिळणार नाही. फी आणि होस्टेल मिळून वर्षाला दीड लाख. वडील विचारतात, "दोन एकर ठोक्यानं देऊन पैसे उभे करू का?"

नमस्कार. एवढ्यासाठी जमीन ठोक्यानं देऊ नका.

राज्यातल्या कॉलेजांत मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश मुख्यतः एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतल्या पर्सेंटाइलवर ठरेल. तिनं दहावी खासगी शाळेतून केली की झेडपीतून, याला कॅपच्या, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेच्या, गुणवत्ता यादीत एक गुणसुद्धा नाही. बारावीला खुल्या प्रवर्गाला 45 टक्के आणि राखीवला 40 टक्के, एवढी पात्रता लागते. सीईटीच्या 200 गुणांत एकटं गणित 100 गुणांचं आहे, आणि तो पेपर फक्त इंग्रजीत असतो. साधारण 80 टक्के प्रश्न बारावीचे, 20 टक्के अकरावीचे, आणि अभ्यासक्रम आपल्या राज्य मंडळाचा. तिथं सीबीएसईचा वेगळा फायदा काही नाही. आयआयटीसारख्या कॉलेजांसाठीची जेईई परीक्षा द्यायची असेल तर सीबीएसईत वापरतात ती एनसीईआरटीची पुस्तकं बाजारात मिळतात, त्यासाठी शाळा बदलायला नको.

मामांना तसं वाटणं साहजिक आहे. खासगी शाळांचे निकाल चांगले दिसतात. पण तिथं बरीच मुलं शिकलेल्या घरातली असतात, संध्याकाळी ट्यूशनला जातात, काही शाळा तर परीक्षा घेऊनच आत घेतात. मग निकालात शाळेचा वाटा किती आणि घराचा किती? आंध्र प्रदेशच्या खेड्यांत 2008 पासून एक प्रयोग झाला. सोडत काढून काही मुलांना खासगी शाळेची फी दिली. मुरलीधरन आणि सुंदररामन या अभ्यासकांनी चार वर्षांनी तपासलं, तर तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुलं सारखीच निघाली. खासगीतली पुढं होती ती हिंदीत. ती मुलं प्राथमिकची होती, त्यामुळं तो निष्कर्ष जसाच्या तसा तुमच्या मुलीला लावत नाही. पण दीड लाख मोजण्याआधी एवढं माहीत असावं.

आता तुम्हाला बहुतेक कुणी न सांगितलेली गोष्ट. आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा असते, साधारण डिसेंबरात. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि शाळा सरकारी, झेडपीची किंवा अनुदानित हवी. विनाअनुदानित शाळेत गेली की हा हक्क जातो. मुख्याध्यापकांना याच आठवड्यात अर्जाचं विचारा.

खरी तपासणी मात्र घरीच करा. आज रात्री तिची गणिताची वही मागून घ्या. सरावसंच सलग सोडवलेत की मधले सोडलेत? चुकीच्या गणितावर सरांनी लाल खूण केलीय का, आणि तेच गणित तिनं खाली पुन्हा सोडवलंय का? का नुसतीच पानाखाली सही आणि तारीख आहे? मग पुस्तकातलं एक शाब्दिक उदाहरण इंग्रजीतून वाचायला सांगा आणि काय विचारलंय ते मराठीत सांग म्हणा. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी ती अडखळली तर कळेल. ती धडाधड सांगत असेल तर शाळा चांगली चाललीय.

वहीत लाल खूणच नसेल तर शाळेत जाऊन विचारा, गणिताची जागा भरलेली आहे का? रिकामी असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढा, केंद्रप्रमुखांना भेटा. दिवाळीपर्यंत शिक्षक मिळाला नाही, तर नववीला शाळा जरूर बदला. गणित दोन वर्षं वाऱ्यावर सोडलेलं लेकरू अकरावीत फार हाल सोसतं. पण तेव्हाही आधी तालुक्याच्या गावातलं अनुदानित हायस्कूल बघा. संस्था खासगी असली तरी तिथल्या मंजूर शिक्षकांचा पगार सरकार देतं, शिष्यवृत्तीही चालू राहते, आणि एसटीनं जायला मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे. निकालाचा बोर्ड बघू नका, गणित-विज्ञानाचे शिक्षक किती वर्षांपासून टिकलेत ते विचारा.

पैसे अकरावी-बारावीसाठी राखून ठेवा. राहणं, मेस, क्लास, सगळा खर्च तेव्हाच अंगावर येतो. त्यापुढं कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या मुलींची कॉलेजची शिक्षण फी आणि परीक्षा फी 2024-25 पासून शासन भरतं. आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी (मराठा आरक्षण) घटकांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी ही सवलत आहे. होस्टेलचा खर्च त्यात धरलेला नाही. उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तर जातपडताळणी वेळेत करून घ्या.

अकरावीचे प्रवेशही 2025 पासून राज्यभर ऑनलाइन झालेत, दहावीच्या गुणांवर. लातूर की परभणी की छत्रपती संभाजीनगर, हे तेव्हा ठरवू. बारावी परभणी, लातूर, नांदेड किंवा हिंगोलीत केली तर तिचं होम विद्यापीठ, म्हणजे जागावाटपात तिच्या भागाचं मानलं जाणारं विद्यापीठ, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ धरलं जातं, संभाजीनगरला केली तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यापीठ. इंजिनिअरिंगच्या जागा वाटताना याचा फरक पडतो, म्हणून गाव पक्कं करण्याआधी मला पुन्हा लिहा, आणि सोबत तिचे नववीचे गणिताचे गुण कळवा.