जिल्हा परिषदेच्या शाळेत लोकशाही मूल्यं कशी रुजवायची?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, नाहीतर या विषयावर मी सुरू झालो की घरचे उठून जातात.

बालसभा, शालेय मंत्रिमंडळ, परिपाठात संविधानाची उद्देशिका, हे तुमच्याकडेही होतच असेल. मी पारोळ्याकडच्या एका खेड्यात शिक्षक होतो तेव्हा निवडणूक घेतली, जुन्या पेपरांच्या कोऱ्या बाजूच्या मतपत्रिका, खोक्याला चीर पाडून मतपेटी, बोटाला स्केचपेनचा ठिपका. सातवीतली एक पोरगी मुख्यमंत्री झाली, आईबाप मजुरीला जाणारे, आणि पहिल्याच बैठकीत उभी राहून म्हणते, "सर, संडासनी चाबी कोनाकडे शे?"

मुलींच्या संडासाला कायम कुलूप. चावी हेडमास्तरांच्या ड्रॉवरमध्ये. साहेब व्हिजिटला आले की उघडायचं, ते गेले की बंद, का तर म्हणे पोरं घाण करतात. मुली मधल्या सुट्टीत घरी पळायच्या आणि काही परत यायच्याच नाहीत.

मी ठराव वहीत लिहून घेतला तर हेडमास्तर भडकले, "पोरांना डोक्यावर बसवताय. आधी शिस्त, मग लोकशाही!" याच माणसाने २६ जानेवारीला १९३६ च्या फैजपूर काँग्रेसवर, खेड्यातलं पहिलं अधिवेशन म्हणून, अर्धा तास भाषण ठोकलेलं, साने गुरुजींचं नाव घेताना गळा दाटून आलेला, आणि मागे कुलूप लटकतंय.

मग विषय शाळा व्यवस्थापन समितीत नेला. २००९ च्या शिक्षण हक्क (आरटीई) कायद्याने समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बाया लागतात, कागदावर होत्याच, पण कापूस वेचणीच्या दिवसात सकाळी अकराच्या मीटिंगला कोण येणार, रजिस्टरच सह्यांसाठी घरोघर फिरायचं. आम्ही मीटिंग रात्री आठला ठेवली. सात बाया आल्या आणि दहा मिनिटांत चावी वर्गातल्या खिळ्यावर लागली. धुवायची पाळी मंत्रिमंडळानेच लावली, मुलांचीसुद्धा, त्यावरून एकाचा बाप भांडायला आला तो वेगळाच किस्सा.

तर उत्तर एवढंच की निवडून आलेल्या पोरांना काहीतरी खरं ठरवू द्या, नुसत्या शपथेचे फोटो काढायचे असतील तर मंत्रिमंडळ नकोच. आणि बैठकीत अहिराणी, म्हणजे पोरांची घरची बोली, चालू द्या, "नीट बोल" म्हटलं की निम्मी पोरं गप्प.

हां, दोन शिक्षकी शाळेत ऑनलाइन माहित्या भरण्यातच दिवस जातो, तिथे हे सगळं जमेलच असं नाही. आणि पाणी नसेल तर चावी घेऊन काय करणार, आमच्याकडे बोअर होता.

मागे एका लग्नात तेच हेडमास्तर पंगतीला शेजारी आले. रिटायर झालेत. भरीत वाढून घेत म्हणतात, "तरी शिस्त आधी." मुलींची दुपारची हजेरी वाढली होती साहेब, रजिस्टर काढून बघा म्हणावं.