गार हाय बघ

चिमू,

परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस आणि मी "नेट जातंय गं" म्हणून विषय टाळला. नेट गेलं नव्हतं. मी पन्हाळगडावर होतो, 'तीन दरवाजा' नावाच्या दरवाजापाशी, फोन बापूकाकाच्या हातात होता. आत शिरताना मी दगडाला हात लावला आणि तो कपाळाला नेला, ते तू पाहिलंस. म्हणालीस, "बाबा, ते देऊळ नाहीये ना? मग तू दगडाच्या पाया का पडलास?" आणि मी काही बोलायच्या आत दुसरं विचारलंस, "तिथे एडिनबरासारखं म्युझियम पण नाही. मग डिसेंबरमध्ये आपण जाऊन बघणार काय?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला सुचेना. दुसरा प्रश्न मात्र लागला. तुझं काही चुकलं नाही त्यात. एडिनबरा कॅसलच्या सहलीला तुमच्या वर्गाबरोबर मीही होतो की. कानाला हेडफोन, हातात नकाशा, दर चार पावलांवर पाटी. एक वाजताची तोफ सुटली तेव्हा तू माझा दंड घट्ट धरलास. 1861 पासून ती तोफ रविवार सोडला तर जवळजवळ रोज वाजते, हे तूच मला वाचून दाखवलंस. सैनिकांच्या कुत्र्यांची ती छोटीशी दफनभूमी वरून बघत तू किती वेळ कठड्याला टेकून उभी होतीस! सेंट मार्गारेट चॅपेल बाराव्या शतकातलं, शहरातली सगळ्यांत जुनी इमारत, असं तिथे सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा पन्हाळा आला. शिलाहारांच्या दुसऱ्या भोज राजाने पन्हाळा बांधला तोही त्याच शतकात. तुला सांगणार होतो, पण तुझ्या कानाला हेडफोन होते आणि तू रमली होतीस. राहून गेलं.

म्हणून आज लिहितोय. दुपारची वेळ आहे, आज्जी आत पडलीय, मी सोप्यात बसलोय. मराठीतच लिहितो. अडलं तर आईला विचार, पण आधी स्वतः वाचून बघ.

पहिल्यांदा पन्हाळ्यावर गेलो तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. आबांनी नेलं. आबा उद्यमनगरात लेथवर होते हे तुला माहीत आहे, पण त्यांचे हात तू पाहिलेच नाहीस. ऑइल त्यांच्या नखांत कायमचं मुरलेलं. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून एसटीत बसले तरी हात तेवढे कारखान्यातले दिसायचे. मे महिना होता. वाघबीळ मागे पडलं की गाडी घाटाला लागायची आणि खिडकीतून जरा गार वारा यायचा. तोवर सीट पाठीला चिकटलेली असायची.

आबांनी मला तीन दरवाजापाशी नेलं आणि इतिहास वगैरे काही सांगितला नाही. दोन दगडांच्या मधल्या रेषेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. "सांधा बघ. नख जातंय का?" जात नव्हतं. मशीन नाही, मायक्रोमीटर नाही, छिन्नी-हातोड्यावर केलेलं काम, म्हणून ते पुन्हा पुन्हा नख फिरवत होते. दिवसभर लोखंडाचं माप काढणारा माणूस तो. मग वर बघायला लावलं. एकाच दरवाजावर फारसी अक्षरं आणि गणपती. "ज्याच्या हातात गड आला त्यानं आपलं काम केलंय," म्हणाले. शिलाहार, बहमनी, आदिलशाही, मग आपली मराठेशाही, ही यादी मला पुढे शाळेत पाठ करावी लागली. त्या दिवशी मात्र मला फक्त एवढंच कळलं की गड खूप जणांच्या हातून गेलेला आहे.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. कमानीच्या आतल्या भिंतीवर आबांनी अख्खा तळवा टेकवला. "हात लाव. गार हाय बघ."

मी लावला. खरंच माठासारखा गार होता. आबांनी हात काढला आणि कपाळावर नेला. मीही नेला. तेव्हापासून चाळीस वर्षं मी त्या दरवाजातून जाताना असंच करतो. तू पाहिलंस ते हे.

आता खरं सांगतो. तुझ्या प्रश्नानंतर रात्री मी आज्जीला विचारलं, आबा पन्हाळ्याला नमस्कार करायचे का? आज्जी तांदूळ निवडत होती. थोडा विचार करून म्हणाली, "त्यांना घाम लई यायचा. गार हात कपाळाला लावत असतील." मग आणखी थोड्या वेळाने, "करत पण असतील बाबा. कोण विचारतंय त्यांना?"

आम्ही आबांना "तुम्ही" म्हणायचो, चिमू. तू मला जसं पटकन विचारतेस तसं विचारायची आमची पद्धत नव्हती. ते करायचे, आम्ही करायचो. चांगलं होतं की वाईट ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तू विचारतेस ते मला आवडतं, पण विचारल्यावर आतून काहीतरी हलतं हेही खरं. तो नमस्कार होता की घाम पुसणं होतं, हे आता कधीच कळणार नाही. मी मात्र तो नमस्कार म्हणूनच केला, इतकी वर्षं, आणि दगडाला हात लावला की मला आबांचा हात आठवतो. देव आठवत नाही. तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे आत्ता एवढंच उत्तर आहे.

दुसऱ्याचं सांगतो. तिथे काय बघायचं?

अंबरखाना बघू. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याची तीन कोठारं आहेत, त्यातलं गंगा कोठार सगळ्यांत मोठं, पंचवीस हजार खंडी धान्य मावेल एवढं. आत अंधार असतो. भिंती जाड, छत उंच, वरच्या झरोक्यातून उजेडाची एक तिरीप खाली पडते आणि तिच्यात धूळ तरंगताना दिसते. आत गेल्यावर आबा मला म्हणाले, आरोळी दे. मी "ओऽ" केलं आणि ते "ओ" कितीतरी वेळ फिरत राहिलं. मी घाबरून त्यांचा सदरा धरला. तू तोफेला माझा दंड धरलास ना, अगदी तसाच.

त्या कोठाराशी वेढ्याची गोष्ट जोडलेली आहे. 1659 च्या नोव्हेंबरात महाराजांनी पन्हाळा घेतला आणि पुढच्याच मार्चमध्ये सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला. मार्च गेला, एप्रिल गेला, पाऊस सुरू झाला तरी तो उठेना. राजापूरच्या वखारीतले इंग्रजसुद्धा तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले. जुलैत, आषाढातल्या पावसात, रात्री महाराज गडावरून निसटले आणि विशाळगडाच्या वाटेला लागले. बाजीप्रभूंनी घोडखिंड कशी अडवली ते तू मराठी शाळेत शिकली आहेस. आबा मात्र ती गोष्ट वेगळ्याच टोकाने सांगायचे. ते शिवा काशीदपासून सुरू करायचे. पायथ्याच्या नेबापूरचा माणूस, न्हावी, चेहरेपट्टी महाराजांसारखी. महाराजांचा वेश करून तो दुसऱ्या पालखीत बसला आणि शत्रूच्या हाती लागला. सोंग उघडं पडलं की आपला जीव जाणार हे त्याला पालखीत बसतानाच माहीत होतं.

इथे आबा थांबायचे. दरवेळी इथेच. "त्यो पालखीत बसला तवा काय म्हणाला असंल घरात?" असं विचारायचे आणि स्वतः उत्तर द्यायचे नाहीत. मला तेव्हा लढाई ऐकायची घाई असायची. आता चाळिशी ओलांडल्यावर, एका मुलीचा बाप झाल्यावर, मीही तिथेच अडकतो.

दहावीनंतरच्या पावसाळ्यात मी पन्हाळा ते पावनखिंड चालत गेलो होतो. दर जुलैला शेकडो पोरं जातात तशी मोहीम. पन्नासएक किलोमीटर, दोन दिवस. मसाई पठारावर धुकं इतकं दाट की पुढच्या पोराची पाठ दिसेना, फक्त त्याच्या चपलेचा चिखलातला आवाज. पोटऱ्यांना जळवा. रात्री एका वाडीत लोकांनी चुलीपुढे बसवून भाकरी आणि आमटी वाढली, नाव-गाव न विचारता. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की ही गोष्ट खरोखर घडली असणार, कारण हाच चिखल आणि हाच पाऊस त्यांनाही लागला असेल. ते कुठल्याही पाटीवर लिहून सांगता येत नाही. पण पाटी असू नये असंही मी म्हणत नाही. पाट्या हव्यातच.

तिथे मोडतोड का दिसते, हेही तुला सांगायला हवं. गड नुसता म्हातारा होऊन पडला नाही. 1844 मध्ये कोल्हापूरच्या गडकऱ्यांनी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गड राखणाऱ्या लोकांनी, इंग्रजांविरुद्ध बंड केलं. ते मोडून काढल्यावर इंग्रजांनी पन्हाळ्याचा 'चार दरवाजा' नावाचा दरवाजा पाडून टाकला. एडिनबराच्या किल्ल्यात सैन्य राहत आलं, डागडुजी होत आली. आपल्याकडे दरवाजाच ठेवला नाही. तू तिथे दगडांचा ढीग बघशील तेव्हा हे ध्यानात असू दे.

पण सगळं इंग्रजांवर ढकलायला माझी जीभ उचलत नाही, कारण एक गोष्ट माझ्याकडून झालेली आहे आणि ती मी तुझ्या आईलाही सांगितलेली नाही. सातवीच्या सहलीत सज्जा कोठीच्या भिंतीवर मी कंपासपेटीतल्या कर्कटकाने माझं नाव कोरलं. चार अक्षरं. इतर मुलं कोरत होती, मीही कोरलं. घरी आल्यावर फुशारकीने सांगितलं. आबा काही बोलले नाहीत. पुढच्या सुट्टीत मला घेऊन वर गेले, ते नाव दाखव म्हणाले, आणि खिशातला रुमाल बाटलीतल्या पाण्याने भिजवून पुसायला लागले. कोरलेलं नाव पुसतं का? त्यांनाही ठाऊक होतं. तरी पुसत राहिले. रुमाल काळा झाला. शेवटी म्हणाले, "दगूड हाय. त्यो काय बोलत न्हाई." बास, एवढंच.

परवा मी तिथे गेलो होतो. माझी अक्षरं शोधली. त्यांच्यावर आणि शेजारी इतकी नावं आहेत की माझं कुठलं ते कळत नाही. एडिनबराला कैद्यांनी कोरकाम केलेली ती जुनी दारं जपून ठेवलीत, आठवतं? तू त्यातलं एक जहाज शोधत होतीस. त्या कैद्यांना कोरण्यावाचून दुसरं काही नव्हतं. आम्ही सगळे सहलीला आलेलो होतो. दरवाजाला नमस्कार करणारा मी आणि भिंतीवर नाव कोरणारा मी, दोन्ही एकच. म्हणून तू "पाया का पडलास" विचारलंस तेव्हा माझ्याकडे छाती काढून सांगण्यासारखं काही नव्हतं.

2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात पन्हाळा आहे. आज्जीने तेव्हा फोन करून सांगितलं होतं, तू झोपली होतीस. आता कदाचित जास्त पाट्या लागतील, रांगा लागतील. पण तिथे अजून माणसं राहतात हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शाळा आहे, दुकानं आहेत, दोरीवर कपडे वाळत असतात. कवी मोरोपंतांचा जन्म तिथलाच, 1729 चा.

तर असं ठरवलंय. तुला काचेआडच्या तलवारी बघायच्या असतील तर पहिला दिवस कोल्हापुरातच. न्यू पॅलेस बघू, त्याचं बांधकाम 1877 ते 1884 चं, तिथे छत्रपतींच्या घराण्याच्या वस्तू आहेत. मग टाऊन हॉलचं म्युझियम. इथल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खोदताना सापडलेली पोसायडनची छोटी काश्याची मूर्ती त्यांच्याकडची. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कसा आला, ते तूच शोधून मला सांग. तुझा आवडता विषय आहे.

दुसऱ्या दिवशी पन्हाळा. सकाळी लवकर निघू, म्हणजे अंधारबावीत गर्दी नसेल. ती विहीर तीन मजली आहे, तळाशी पाणी आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर निघायची चोरवाट. मग राजदिंडी, महाराज निघाले ती वाट. उतार तीव्र आहे, आपण थोडंच उतरू. पूर्ण चालायचं असेल तर तू मोठी झाल्यावर, तुला वाटलं तरच. दुपारी तिथल्या मावशींकडची पिठलं-भाकरी, खर्डा आणि मडक्यातलं दही. खर्डा तुला झेपणार नाही, दही आधी मागव.

तीन दरवाजात मी हात लावणारच, सवय आहे. तू लावायलाच हवा असं नाही, आणि बापूकाका काही म्हणाला तर मी बघतो. नुसती कमानीत उभी राहा माझ्याबरोबर. डिसेंबरात दगड गार लागतो की नाही, ते मलाही माहीत नाही. मी कायम मे महिन्यातच लावलाय किंवा पावसात.

ते जाड तळाचे बूट आठवणीने बॅगेत टाक. आज्जी धपाटी करून देणार आहे, तिखट कमी घालायला मी सांगितलंय, तूही एकदा फोनवर सांग, तुझं ऐकते ती.

तुझा
बाबा