कान निकामी झाल्यावर

सप्रेम आशीर्वाद.

फ्लाइट मेडिक, म्हणजे हेलिकॉप्टरमधून जखमी सैनिकांना नेताना उपचार करणारा, म्हणून जाण्याआधी एक गोष्ट मनात पक्की कर: हेलिकॉप्टरमध्ये तुझे कान कामाचे राहत नाहीत. रोटरच्या, म्हणजे फिरत्या पात्यांच्या, आवाजात स्टेथोस्कोप म्हणजे गळ्यातला दागिना. छाती दोन्ही बाजूंनी सारखी उचलते का ते डोळ्यांनी बघायचं, नाडी बोटांनी.

रात्री डोळेही फसवतात. नाइट व्हिजनमधून, म्हणजे अंधारात बघायच्या दुर्बिणीतून, रक्त लाल दिसत नाही, नुसता काळपट ओलावा दिसतो. म्हणून हात जखमीच्या मानेखालून, काखेतून, कमरेखालून, जांघेतून फिरवायचा आणि दर टप्प्याला हातमोजा बघायचा. स्ट्रेचर उचलताना टूर्निकेट, म्हणजे रक्तस्राव थांबवायला हातापायावर आवळलेला पट्टा, सैल होतं. आत घेतल्यावर आधी तेच तपास, सलाईन नंतर.

अमेरिकी आणि नाटो सैन्यात जखमींसाठी हेलिकॉप्टर मागवायची रेडिओवरची मागणी नऊ ओळींची असते. जागेचा ग्रिड (नकाशावरचे आकडे), रेडिओची फ्रिक्वेन्सी आणि कॉल साइन (रेडिओवरचं सांकेतिक नाव), निकडीनुसार जखमींची संख्या, हॉइस्टसारखं (दोरीने वर ओढून घ्यायचं यंत्र) खास साहित्य, आडवे किती नि चालते किती, या पाच ओळी मिळाल्या की निघता येतं. उरलेल्या चार वाटेत घेता येतात. घोळ बहुतेक तिसऱ्या ओळीत होतो. घाबरलेला माणूस सगळ्यांनाच 'तातडीचे' ठरवतो आणि खरा रक्तस्राव होणारा त्या गर्दीत हरवतो. त्यामुळे जखम कशी झाली, कुठे आहे, नाडी-श्वास काय, काय उपचार झाले, हे वेगळं विचारून घे.

उतरायची जागा दाखवायला सोडलेल्या धुराचा रंग जमिनीवरच्यांनी आधी सांगायचा नसतो. वैमानिक दिसलेला रंग सांगतो, खालचे दुजोरा देतात. रेडिओ ऐकणारा शत्रूही तोच धूर सोडू शकतो ना!

उतरताना धुळीत जमीन दिसेनाशी होते. तेव्हा क्रू चीफ, म्हणजे हेलिकॉप्टरची देखभाल बघणारा सोबतचा कर्मचारी, दारातून अंतर आणि सरकण सांगत असतो. त्याच्या बोलण्यात तोंड घालू नकोस. उतारावर चढाच्या बाजूने कधीच जायचं नाही, तिथे पाती डोक्याला लागतील इतकी खाली असतात. मागच्या रोटरकडे तर फिरकायचंही नाही. स्ट्रेचर आणणाऱ्यांना हे ठाऊक असेलच असं धरून चालू नकोस, हाताने थांबव.

2009 मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी अफगाणिस्तानात जखमीला उपचार केंद्रात पोचवण्यासाठी 60 मिनिटांची मर्यादा घातली. मर्यादा चांगलीच आहे, पण मांडीची धमनी तुटलेला माणूस काही मिनिटांतच जातो. त्याला खालचा सोबतीच वाचवतो, तू नाही.

तुझ्या हातात असते ती ऊब. गारठलेल्या शरीरात रक्ताची गुठळी नीट होत नाही, रक्तस्राव थांबत नाही, आणि उघड्या दाराच्या वाऱ्यात उन्हाळ्यातही माणूस गारठतो. गुंडाळ, पण पांघरुणाची टोकं पट्ट्यांखाली खोच. सुटं कापड उडून रोटरमध्ये जातं.

टूर्निकेटची वेळ जखमीच्या अंगावरच लिही, कागद वाऱ्यावर जातो. आणि केंद्रात त्याला सोपवलंस की रिकामं स्ट्रेचर, पट्ट्या, पांघरूण मागून घे. पुढची हाक त्याआधीच आलेली असते.