माथेरान गाव म्हणून कसं आहे आणि सत्तरीच्या आई-वडिलांना झेपेल का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर दस्तुरी नाक्यावर मिळतं. नेरळहून घाट चढून आलेली गाडी तिथे थांबते ती थांबतेच. पुढे मोटारीला बंदी. सूट फक्त रुग्णवाहिका, अग्निशमन आणि अलीकडे ई-रिक्षांना. बाजारपेठ तिथून अडीच किलोमीटरच्या आसपास. गॅस सिलिंडर, भाजी, सिमेंट, सगळं घोड्यावर किंवा माणसांनी ओढलेल्या हातगाडीवर पुढे जातं, तेव्हा पाण्याच्या बाटलीच्या भावावरून दुकानदाराशी हुज्जत घालू नका.

2011 च्या जनगणनेत इथली लोकसंख्या होती 4,393, तरी कारभार स्वतंत्र नगरपरिषदेचा. जागा म्हणजे सुमारे 800 मीटर उंचीवरचं दक्षिणोत्तर लांबट पठार, चहूबाजूंनी तुटलेले कडे. खाली बेसॉल्ट हा काळा कठीण खडक, माथ्यावर जांभा हा लाल सच्छिद्र दगड. जांभ्यात पाणी मुरतं आणि त्याचा थर संपतो तिथे झऱ्यांनी बाहेर येतं. पाऊस धो धो, पण पाणी साठवायला पठारावर जागाच कमी. शार्लट तलाव आहे, तो पुरत नाही. खालून उल्हास नदीचं पाणी पंपाने चढवावं लागतं.

खरं दुखणं मातीचं आहे. जांभ्याची लाल माती घोड्यांच्या टापांनी भुसभुशीत होते आणि पहिल्या मोठ्या पावसात रस्त्यावरून वाहून जाते. रस्ता दरवर्षी थोडा खाली जातो, कडेच्या जांभळीची मुळं उघडी पडतात आणि एक दिवस झाड आडवं होतं. उपाय म्हणून मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक आले, तर घोडेवाले म्हणाले, जनावर घसरतं. रस्ता वाचवणाऱ्यांचं आणि घोडेवाल्यांचं, दोघांचंही खरं आहे. 2003 पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र असल्याने डांबर टाकून मोकळं होता येत नाही, आणि माझ्या मते ते बरंच आहे.

आता आई-वडिलांचं. गुडघे दुखत असतील तर चालत नेऊ नका. नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकावरून माथेरानपर्यंत शटल गाडी आहे, ती सगळ्यात सोयीची. नेरळहून निघणारी 1907 ची छोटी रेल्वे हौसेसाठी उत्तम, पण पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद असतो. ई-रिक्षा डिसेंबर 2022 मध्ये प्रायोगिक म्हणून सुरू झाल्या. संख्या मर्यादित, त्यामुळे सुट्टीत रांग लागते. हातरिक्षा गृहीत धरू नका: ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. घोडा करायचाच तर दरफलक वाचा आणि कोणकोणते पॉइंट, किती वेळ, हे बसण्याआधी ठरवा. ‘पुढे काही वाहन नाही’ असं कुणी सांगितलं तरी आधी अमन लॉजच्या खिडकीवर विचारा.

मुक्काम बाजाराजवळच घ्या. हॉटेल ‘पॉइंटजवळ’ असेल तर तिथवर सामान कसं न्यायचं, हे बुकिंगआधीच विचारा. चाकांची बॅग लाल मातीत निकामी, पाठीवरची सॅक आणा. खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, माकडं ती ओढून नेतात. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हवा छान असते. शनिवार-रविवार मात्र टाळा, कारण नेरळचा घाट तुंबला की गाडी वळवायलासुद्धा जागा मिळत नाही.